दोघींपुरती हवा

९ फेब्रुवारी

पत्रेवाला आज म्हणाला, "बाई, माझ्याकडून आता काही अडलेलं नाही. पंख्यासाठी गाडीच्या छताला भोक कुठं पाडू आणि केवढं पाडू, तेवढं सांगा. पण नीट विचार करून सांगा. तुमच्या कापडासारखं ते रफू करता येत नाही."

मी थोडे दिवस मागून घेतले.

गाडी आमच्या लाँड्रीचीच. एकोणीस वर्षं तिच्यातून हॉस्पिटलच्या चादरी आणि हॉटेलांचे नॅपकिन वाहिले. आता तिच्यात बिछाना आहे, खाली कप्पे आहेत, एक शेगडी, एक पाण्याची टाकी. कपडे टांगायच्या दोन नळ्या मी काढू दिल्या नाहीत. पत्रेवाल्याच्या डोक्याला त्या रोज एकदा लागतात आणि रोज तो माझ्याकडे बघतो.

बेत पाच वर्षांपूर्वीचा. दुपारी मी आणि ताई मोठ्या चादरींच्या घड्या घालत होतो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. पुढं यायचं, टोकं जुळवायची, मागं जायचं. असं पुढं-मागं करताना ताई म्हणाली, "दुकान बंद केलं की या गाडीत गादी टाकू आणि निघू." मी विचारलं, कुठं? ती म्हणाली, "जिथं कुणी इस्त्रीचे कपडे घालत नाही तिथं."

मागच्या वर्षी इमारत विकली गेली आणि दुकान बंद झालं. त्याच्या दोन महिने आधी ताईनं लग्न केलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी. चष्मेवाल्यांशी. ते नऊ वर्षं आमचं गिऱ्हाईक होते. आम्ही माणसं कॉलरवरून ओळखतो. त्यांची बायको गेली तेव्हा ते आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही, कॉलरनंच सांगितलं. ताई त्यांच्या झिजलेल्या कॉलरी उसवून, उलटून शिवायला लागली. बाकी कुणाची कॉलर ती उलटत नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

लग्नानंतर प्रवासाचं नाव आम्ही दोघींनी काढलेलं नाही. मी ठरवलंय, विचारायचं नाही. विचारलं तर तिला नाही म्हणावं लागेल आणि ते तिला जन्मात जमलेलं नाही. ती हो म्हणेल, गाडीत बसेल, आणि मनानं घरीच राहील. त्यापेक्षा तिला मोकळं ठेवलेलं बरं.

बिछाना मात्र दोघींच्या मापाचा करून घेतला. पत्रेवाल्याला सांगितलं, मला पसरून झोपायची सवय आहे. ते खरं नाही.


१२ फेब्रुवारी

पंखे बघायला गेले. ताई आपणहून आली. म्हणाली, "मला तरी काय काम आहे."

दुकान अशाच गाड्यांच्या सामानाचं. काउंटरवर एक मुलगी, केसांत पेन्सिल खोचलेली. तिनं तीन पंखे समोर ठेवले. मोठा, चौकोनी: दहा वेग, हवा बाहेरही फेकतो आणि आतही ओढतो, पावसाचा थेंब पडला की झाकण आपोआप मिटतं. मधला, तेवढ्याच आकाराचा: हवा फक्त बाहेर फेकतो, तीन वेग, झाकण हातानं फिरवून उघडायचं. आणि लहान, गोल, ताटलीएवढा: सावकाश फिरतो, बॅटरी जवळजवळ खातच नाही, आवाजही नाही.

मुलगी म्हणाली, "पंखा हवा बाहेर काढतो. तेवढीच आत यायला दुसरीकडे खिडकी बोटभर उघडी हवी. नाहीतर तो नुसता गरगरत बसतो."

ताई म्हणाली, "आमच्या इस्त्रीच्या खोलीत तेच होतं. ही दार लावून घ्यायची आणि मग म्हणायची, पंखा बिघडलाय."

"तीस वर्षांत दोनदा," मी म्हटलं.

मुलीनं पेन्सिल काढली. "गाडीत झोपणार किती जण?"

ताई माझ्याकडे बघत होती. तिची फारच पंचाईत झाली असणार. मी म्हटलं, "आधी पंखे तर बघू." मुलीनं खांदे उडवले आणि मोठा पंखा चालू करून दाखवला. ताई बाहेर जाऊन उभी राहिली. आत गरम होतंय म्हणाली. पंख्यांच्या दुकानात.

निदान मी तिला वेळेवर सोडवलं.


१६ फेब्रुवारी

दुकानातून आणलेलं माहितीपत्रक तीनदा वाचलं. मिनिटाला इतके घनफूट, तितके घनफूट. मला त्यातून काही दिसत नाही. हवा कुणी पाहिलीय? पण एका ओळीपाशी अडकले. झोपलेलं माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून साधारण दीड पेला पाणी हवेत सोडतं. ते बाहेर गेलं नाही तर पत्र्याला, काचेला, गादीला धरतं आणि गाडी आतून कुजते.

पाणी मला कळतं. कपड्यात पाणी किती राहिलंय हे मी तीस वर्षं हातानं सांगत आलेय.

दुकानातला काटा अजून माझ्याकडे आहे. दोन सारखे टॉवेल घ्यायचे. कोरडे तोलायचे, दीड-दीड पेला पाणी पाजायचं, पुन्हा तोलायचे, संध्याकाळी गाडीत नळ्यांवर टांगायचे आणि दारं लावायची. सकाळी तोलायचे. जो पंखा दोन टॉवेल वाळवेल, तो दोन माणसांना पुरेल.

दुकानातल्या मुलीला फोन केला. पंखे दोन-दोन रात्रींसाठी देते म्हणाली. कारण तिनं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "काकू, असं आजवर कुणी केलेलं नाही." मला ते कौतुक वाटलं.


१९ फेब्रुवारी

आज पंख्याशिवाय. सकाळी दार उघडलं तर काचांवरून ओघळ, छताला थेंब, आणि टॉवेल जवळजवळ तसेच जड. आत लाँड्रीचा वास भरला होता. थोडा वेळ दार धरून तशीच उभी राहिले.

ताई दहाला आली. काट्यावर टॉवेल बघून म्हणाली, "हे काय आता?"

सांगितलं.

"म्हणजे मी टॉवेल?"

"डावीकडचा."

ती खाली बसून हसली, चष्मा काढून डोळे पुसले. चष्मा नवीन आहे, बाकदार. घरातलाच कारागीर. मग टॉवेल हातात घेऊन दाबून बघितला आणि गंभीरपणे म्हणाली, "माझ्यात जरा जास्त पाणी घाल. मला घाम फार येतो, तुला माहीत आहे."

"घोरतेस पण. त्याचं काय करू?"

"ते तुझं नशीब."

तिच्या चेष्टेला मान देऊन डावीकडच्या टॉवेलला अर्धा पेला जास्त पाजला. इतकी चांगली थट्टा तिनं फार दिवसांनी केली.


२६ फेब्रुवारी

पत्रेवाल्यानं मागच्या दाराची काच काढून तिथं प्लायवूड लावून दिलं. त्यात भोक पाडून एकेक पंखा बसवून बघतेय. आठवडाभर शेजारीपाजारी रोज सकाळी मला टॉवेल तोलताना बघतायत. समोरची शिंपीण म्हणाली, "दुकान परत काढलंत का हो?"

निकाल असा. मोठा पंखा: दोन्ही टॉवेल कडकडीत, उभे करून ठेवावेत इतके. मधला: उजवा वाळला, डावा किंचित दमट. तो अर्धा पेला. लहान पंखा: दोन्ही टॉवेल अर्धे ओले, काचेवर धुकं. त्याच लहान पंख्यावर एकच टॉवेल टांगला, तर चांगला वाळला.

म्हणजे दोघी असतील तर मोठा. एकटी असेन तर लहान. गणित सुटलं, आणि मी जिथं होते तिथंच आहे.


२ मार्च

ताईकडे जेवायला. तिच्या घरी जाताना अजूनही मी बेल वाजवते आणि ती अजूनही म्हणते, "बेल काय वाजवतेस, परकी आहेस का?"

तिचं घर बघत होते. खिडकीत कुंड्या. आमच्या घरात तिनं कधी कुंडी ठेवली नाही. मला वाटायचं तिला आवड नाही.

भावोजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पाच तारखेला. "जन्मभर लोकांना काचा विकल्या, आता स्वतःची बदलायची," म्हणाले. मग बराच वेळ हेच सांगत राहिले की पंधरा दिवसांत ते ठणठणीत होतील, स्वयंपाक त्यांना येतो, कपडे तर मशीनच धुतं, एकट्यानं राहण्याची त्यांना सवय आहे. ताईशिवाय आपलं पान हलत नाही हे लपवायला माणूस किती बोलतो. मला त्यांची दया आली.

ताईनं विचारलं, "बेत कधीचा ठरतोय?"

"वीसच्या पुढं. पंखा बसला की."

"म्हणजे यांचे पंधरा दिवस होऊन जातात," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, तोवर तू यांच्याकडे निवांत बघ. माझी काळजी करू नकोस."

ती ताटं उचलायला उठली.

दारात तिचे नवे कॅनव्हासचे बूट दिसले. जाड तळव्यांचे. दोघं सकाळी फिरायला जात असावेत. बरं आहे.


७ मार्च

काल संध्याकाळपासून सकाळपर्यंत गाडीत झोपले. खरी परीक्षा. लहान पंखा चालू, खिडकी बोटभर उघडी, उजवीकडे मी, आणि डावीकडे नळीवर ताईचा टॉवेल, अर्धा पेला जास्त पाजलेला.

सकाळी काच दमट होती. टॉवेल ओला. मला मात्र झोप लागली होती. पहाटे कधीतरी अर्धवट झोपेत मी "सरक जरा" असं म्हणाले. ऐकून स्वतःच जागी झाले. टॉवेल पंख्याच्या वाऱ्यानं थोडासा हलत होता.

लहानपणी आम्ही दोघी एका खाटेवर झोपायचो. ती भिंतीकडे. मग बाबांनी दुकानाच्या वरची खोली घेतली, दोन खाटा आल्या, पण मधलं अंतर हात लांब केला की मिटायचं. आता ताईच्या लग्नाला आठ महिने झाले, माझ्या घरातल्या दुसऱ्या खाटेवर घड्या केलेले कपडे असतात.

दिवसभर विचार केला आणि ठरवलं. लहान पंखा.

कारण हे. मोठा बसवला तर ताई आत येईल, वर बघेल, आणि तिला कळेल की मी तिची वाट बघतेय. मग ती प्रत्येक वेळी ओशाळेल. लहान बसवला की प्रश्न मिटला. तिला काही सांगावं लागणार नाही, मला काही ऐकावं लागणार नाही.

आणखी एक लिहून ठेवते, कारण हे कुणी वाचणार नाही. लहान पंखा बघून तिला थोडं वाईट वाटेल, असं एकदा मनात आलं. आणि ते आलं तेव्हा मला बरं वाटलं. नंतर लाज वाटली. पण आधी बरं वाटलं.


१० मार्च

भोक पाडलं.

पत्रेवाल्यानं पेन्सिलीनं गोल आखला, खाली उतरला, वर बघितलं आणि विचारलं, "एवढंसंच?"

"एवढंच."

"मग त्या दुसऱ्या बाईंचं काय?"

"त्या येणार नाहीत."

"असं म्हणाल्या?"

"म्हणावं लागत नाही. बहीण आहे माझी."

त्यानं कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागे ठेवली. "माझा भाऊ आणि मी अकरा वर्षं बोलत नाही. तोसुद्धा असंच म्हणतो. म्हणे, मला माहीत आहे त्याच्या मनात काय आहे." मग चष्मा चढवला आणि करवत चालू केली, त्यामुळे मला काही बोलावं लागलं नाही.

पत्र्याची गोल चकती आत पडली, गादीवर. छतातून ताटलीभर आकाश दिसलं. त्यानं कडा घासल्या, रंग लावला, चिकट पट्टी फिरवली, पंखा बसवून आठ स्क्रू पिळले, वरून दोन बादल्या पाणी ओतलं. एक थेंब आत आला नाही. काम चोख आहे त्याचं.


१३ मार्च

ताई आली. भावोजींच्या डोळ्याची पट्टी निघाली, छान दिसतंय, स्वतःच्याच भिंतीचा रंग बघून चकित झाले म्हणाली. हातात पिशवी होती. गाडीच्या पायरीवर ठेवून आत आली आणि वर बघितलं.

बराच वेळ बघत होती.

"हा लहान ना?"

"हो."

"एका टॉवेलचा."

"हो. मी म्हटलं उगाच मोठा कशाला. बॅटरी खातो."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "बरं केलंस."

मी नवीन चादर धुऊन ठेवली होती, तिची घडी घालायची होती. ती न सांगता दुसऱ्या टोकाला गेली. पुढं आलो, टोकं जुळवली, मागं गेलो. शेवटच्या घडीला तिनं चादर माझ्या हातात दिली आणि हात तसाच थोडा वेळ वर ठेवला. मी चहा टाकते म्हटलं. नको म्हणाली, यांना औषध घालायची वेळ झाली. पिशवी उचलून घेऊन गेली. मला वाटलं होतं पिशवीतलं काहीतरी माझ्यासाठी असेल.

एकंदरीत तिच्या मनावरचं ओझं उतरलं असावं. मी लहान पंखा घेतला तो या क्षणासाठीच, असं स्वतःला दोनदा सांगितलं.


२१ मार्च

निघाले.

ताई आली नाही. भावोजी आले, एकटे, नवा डोळा मिचकावत. "तिचं डोकं दुखतंय. झोपलीय. म्हणाली, सावकाश चालव." मला एक टॉर्च दिली, वाचायच्या चष्म्याची एक जादा जोडी दिली. मग गाडीला एक फेरी मारली, टायरांना हात लावला. त्यांना टायरांमधलं काही कळत नाही. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा "बरं तर" म्हणाले.

शिंपीण म्हणाली, "एकट्या? आणि ताई?" मी म्हटलं, ताईचा संसार आहे. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं.


२५ मार्च

तळ्याकाठी तिसरा दिवस. पंखा उत्तम. सकाळी काच कोरडी, गादी कोरडी, छत कोरडं. बॅटरी जेमतेम उतरते. कुणालाही हाच घ्या म्हणून सांगेन.

सकाळी चादर झटकली आणि घडी घालायला गेले. मोठी चादर एकटीला घालता येत नाही. हनुवटीखाली धरून बघितली, पायाखाली एक टोक दाबून बघितलं, शेवटी गाडीच्या आरशाला एक टोक बांधलं. तीस वर्षांत हजारो घातल्या असतील, आणि ही वाकडीच आली. गोळा करून कप्प्यात कोंबली.

इथं कुणीच इस्त्रीचे कपडे घालत नाही. मासे धरणारे दोघं आहेत, त्यांच्या शर्टांना इस्त्री कधी माहीतच नाही. हे ताईला सांगावं म्हणून फोन घेतला. मग वाटलं, तिला वाटेल मी टोमणा मारतेय. ठेवून दिला.


२७ मार्च

दुपारी भावोजींचा फोन. ताई बाहेर गेलीय म्हणाले, म्हणून करतोय.

आधी डोळ्याबद्दल बोलले. मग म्हणाले, "मी तुमच्या दोघींच्या मधे पडणार नव्हतो. पण घरात फारच शांतता आहे. तुम्हाला एक माहीत असावं म्हणून सांगतो. कपाटाखाली तिची बॅग होती. फेब्रुवारीपासून भरलेली. बूटसुद्धा तिनं त्याच्यासाठीच घेतले. माझ्या डोळ्याची तारीख तिनं मुद्दाम लवकरची मागून घेतली."

मी विचारलं, "बॅग होती म्हणजे?"

"तेरा तारखेला गाडी बघून आली आणि रिकामी केली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, तिला एकटीला जायचंय."

"मला एकटीला जायचं नव्हतं," मी म्हटलं.

"ते मला नका सांगू," भावोजी म्हणाले.

फोन ठेवल्यापासून ही वही मागं चाळतेय. अक्षर माझंच आहे. दुकानातली मुलगी विचारते, किती जण. ताई माझ्याकडे बघते. मी लिहिलंय, तिची पंचाईत झाली. माझ्यात जरा जास्त पाणी घाल, म्हणते. मी लिहिलंय, चांगली थट्टा केली. पुढचं वाचवलं नाही.


२८ मार्च

सकाळी सातला फोन केला. तिनं तिसऱ्या घंटेला उचलला.

"ताई, मी बोलतेय."

"नाव दिसतं फोनवर."

"तू येशील का माझ्याबरोबर?"

मागं नळ चालू होता. तो बंद झाला.

"आत्ता विचारतेस."

"हो."

"भोक पाडून झाल्यावर."

"हो."

"मी येणार नाही असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला वाटलं, विचारलं तर तुला नाही म्हणता येणार नाही."

"तुला वाटलं," ताई म्हणाली. "तीस वर्षं साबण कुठला ते तुला वाटायचं, सुट्टी कधी ते तुला वाटायचं, भिंतीचा रंग तुला वाटायचा. मी काही बोलले नाही, कारण मला त्यात काही फरक पडत नव्हता. लग्न तेवढं माझं मी ठरवलं. आणि ही एक गोष्ट मला हवी होती, तर वाट बघत बसले की तू विचारशील. छताकडे बघते तर माझं उत्तर तूच देऊन मोकळी झालेली."

"तू सांगायचं होतंस ना, मी येते म्हणून."

तिनं नळ पुन्हा चालू केला आणि लगेच बंद केला. मग आवाज उतरला. "हो. सांगायला हवं होतं. पण लग्नाला वर्ष झालं नाही आणि मी येते म्हटलं असतं, तर तुला वाटलं असतं मला इथं करमत नाही. आणि मला करमतं इथं. ते तुला कसं सांगायचं, हे मला कळत नव्हतं."

मी म्हटलं, "आता कळलं."

"वाईट वाटलं?"

"हो."

"मलाही तो पंखा बघून वाटलं," ताई म्हणाली.

मी विचारलं, मग येतेस का. तर म्हणाली, "लगेच उत्तर देणार नाही. दोन दिवस दे. या वेळी माझं मी ठरवते. आणि तोवर तू काही वाटून घेऊ नकोस."

वाटून घेऊ नकोस म्हणे. दिवसभर मी दुसरं काय करतेय? तिला तिथं करमतं, हे वाक्य खड्यासारखं बुटात राहिलंय. मला तर वाटत होतं की आपण दोघी सारख्याच अडलेल्या आहोत. ती कुंड्यांना पाणी घालत असेल, आणि मी इथं दोघींच्या बिछान्यावर एका कडेला झोपते. सात रात्री झाल्या, मधोमध सरकलेले नाही.


२९ मार्च

फोन नाही.

मासे धरणाऱ्यांनी सांगितलं होतं की पुढं घाट सुंदर आहे, पण वळणापलीकडे रेंज नाही. गाडी जागची हलवली नाही. त्यातला थोरला विचारत होता, "बिघडली का?" म्हटलं, नाही, वाट बघतेय. "कुणाची?" म्हटलं, बहिणीची. येणार आहे का, तर म्हटलं, माहीत नाही. हे कुणालातरी तोंडानं सांगितलं याचंच नवल वाटलं.


३० मार्च

पावणेआठला फोन.

"तीन आठवडे," ताई म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तीन आठवड्यांनी मी माझ्या घरी परत येणार. त्याच्यापुढं तू एकटी जा, नाहीतर तूही परत ये. ते तुझं तू बघ."

"चालेल."

"खरंच चालेल, की मला बरं वाटावं म्हणून?"

मी खरं काय ते शोधलं. "तीन महिने हवे होते," मी म्हटलं. "पण तीन आठवडे चालतील."

"हं. असं बोल." तिनं कागद फडफडवला. भावोजींनी बसचं वेळापत्रक काढून दिलंय, स्वतः वाचून, नव्या डोळ्यानं. उद्या दुपारी चारला तळ्याच्या फाट्यावर. "आणि तुझा तो पंखा दोघींना पुरणार नाही, बरं का."

"नाही पुरणार. सकाळी काचा पुसाव्या लागतील."

"पुसू. येताना काय आणू?"

"काही नको," मी म्हटलं. "सगळं आहे."

ती बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा कशी उभी असते ते मला माहीत आहे, पण आता मी माहीत आहे असं धरून चालले नाही.

"काय झालं?" विचारलं.

"काही नको म्हणू नकोस," ताई म्हणाली. "तुला काय हवंय ते सांग. मी लिहून घेते."

मग मी सांगितलं. दोऱ्याचं रीळ, कारण बटण तुटलंय. तिची ती जुनी जाड रजई, कारण पहाटे गार होतं. मीठ. तिच्या खिडकीतली एखादी कुंडी, लहानशी, गाडीत मावेल अशी. ती लिहून घेत होती, मधूनच "हं" म्हणत होती. मी थांबले.

"अजून?" ती म्हणाली.

अजून होतं. मी सांगत राहिले.